गाणं चालू असताना लागलेले दिवे

रविवार, ४ मे

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. (सवयीने लिहून गेले, राहू देत. मी वयाने मोठी आहे तोवर आशीर्वाद देणं मला भाग आहे आणि घेणं तुला.)

काल, शनिवारी, ३ मे रोजी, संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, भरलेल्या थिएटरात चारशे माणसांसमोर तू एका खुनाला हातभार लावलास. वेळ नक्की सांगते, कारण मी घड्याळ पाहिलं. शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात उचलले गेले होते, कशासाठी ते आठवत नाही.

सिनेमा त्या मुकादमावरचा. तुझी ठकी त्यात कपड्यांचं काम बघते आहे, असं तिने मागे कळवलं होतं, म्हणून गेले. नाहीतर ज्या माणसाने आधी गोदीतल्या मजुरांकडून आणि मग सगळ्या शहराकडून हप्ते उकळले, त्याच्यावर संध्याकाळ खर्च करायची मला हौस नाही. सिनेमातला मुकादम उंच आहे, पांढरे बूट घालतो आणि विधवांना मदत करतो. खऱ्याला मी एकदा पाहिलं होतं. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तो ट्रंक कॉल लवकर जोडून मिळत नाही म्हणून तक्रार घेऊन आला होता. पोट सुटलेलं, हातात चुरगळलेला रुमाल आणि नाक सारखं वाहत होतं. सिनेमातल्या त्या देखण्या माणसाला सर्दी होण्याची हिंमत होणार नाही.

तुलाही घेतलं आहे. नाव दिलेलं नाही, नुसता ‘ऑपरेटर’. केस भरपूर आहेत, म्हणजे तुझ्याशी साम्य तिथेच संपलं. मुकादमाच्या विरोधकांचा माणूस जिन्यात या ऑपरेटरला एक पाकीट देतो, तो ते खिशात घालतो. मग मुकादम बाल्कनीत शेवटच्या रांगेत येऊन बसतो. पडद्यावर नायिका गात असते. गाणं हवंच, त्याशिवाय असल्या सिनेमात माणूस मरत नाही. आणि गाणं ऐन रंगात असताना ऑपरेटर केबिनमधला खटका वर करतो. सगळ्या हॉलचे दिवे लागतात, पडद्यावर ती बाई गातेच आहे, पुढच्या रांगेतले तिघे मागे वळतात आणि मुकादमाला गोळ्या घालतात. शेवटच्या दृश्यात ऑपरेटर हात धुतो.

आता मी काय म्हणते ते नीट वाच. खऱ्या मुकादमाला तुझ्या थिएटरात मारलं, त्या दिवशी रीळ तुटलं होतं. रीळ तुटलं की ऑपरेटर आधी दिव्यासमोरची झडप पाडतो, नाहीतर फिल्म पेट घेते. म्हणजे पडदा आधी काळा होतो, मग लोक शिट्ट्या मारतात, मग हॉलचे दिवे लागतात. हा क्रम तूच मला शिकवलास आणि आमच्या यांना, तुझ्या भावोजींना, तर तो तोंडपाठ होता, कारण तुझं काही चुकलं की केबिनकडे बघून सगळ्यात आधी शिट्टी यांचीच यायची. चित्र चालू असताना हॉलचे दिवे लागत नाहीत. हे न कळणाऱ्या माणसाने सिनेमावर सिनेमा काढला आहे.

दुसरी गोष्ट. यांच्या खिशात त्या खेळाचा पास सापडला, तुझ्या हातचा, नेहमीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीचा. गोळ्या चालणार हे ज्याला माहीत आहे, तो आपल्या बहिणीच्या नवऱ्याला त्याच रांगेतला पास देईल का? एवढा प्रश्न त्या दिग्दर्शकाला कुणी विचारला असता तर पाकिटाचं दृश्य त्याला गिळावं लागलं असतं.

आणि तिसरी, जी मी रात्रभर कुशीवर वळून पाहत राहिले. सिनेमात मुकादमाशिवाय कुणी मरत नाही. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी आहे. एकेचाळीस वर्षं मी ज्या माणसाची विधवा आहे, तो तिथे नव्हताच म्हणे. मला रडू आलं नाही. नुसतं थंड वाटलं, बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून ठेवावीत तसं.

खालच्या मजल्यावरचे वकील सज्जन आहेत, थोडे बहिरे आहेत, पण कायदा त्यांना ऐकू येतो. ते म्हणाले की बदनामीचा दावा तू स्वतः करायला हवास, पण पहिली नोटीस मी, मृताची पत्नी आणि तुझी बहीण म्हणून, पाठवू शकते. सोबत माझं प्रतिज्ञापत्र लागेल. त्यात मुख्य वाक्य एकच असेल: माझ्या भावाला त्या हल्ल्याची पूर्वकल्पना नव्हती. हे मी डोळे मिटून लिहून देईन. त्या दिवसानंतर तू केबिनचा जिना चढला नाहीस, पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत आयुष्य काढलंस, ते मी पाहिलं आहे. तुझ्या तोंडाला काळं फासून कुणी टाळ्या घ्याव्यात, हे मी चालू देणार नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनचं काय झालं ते कळव. ठकी वेळेवर जेवते का?

लोभ आहेच, वाढवायचा असेल तर उत्तर लवकर पाठव.

तुझी,
ताई


सोमवार, १२ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (गुडघ्यांमुळे साष्टांग आता पत्रातच जमतो.)

पत्र पोचलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर पडद्याकडे बघायचं नाही असं बजावलं आहे, त्यामुळे तुझा तो सिनेमा मी पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. हिरवी पट्टी लावून बसतो. ठकी म्हणते, मी दुकानाबाहेर टांगलेल्या बाहुल्यासारखा दिसतो. ती जेवते, पण उभ्याने. तिची आई असती तर ओरडली असती, माझं ती ऐकत नाही.

समोरच्या बाईंचा मिक्सर तिसऱ्यांदा आला आहे. त्यात काही बिघाड नाही. त्यांना बोलायला माणूस हवं असतं आणि मला हाताला काम, म्हणून आम्ही दोघं तो उघडतो आणि बंद करतो.

सिनेमाचं मनावर घेऊ नकोस. लोक दोन तास बसतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन विसरतात. मी नाव नसलेला ऑपरेटर आहे, तसाच राहू दे. रीळ तुटलं होतं. तेव्हा सांगितलं तेच आज सांगतो. आधी अंधार झाला की आधी उजेड, हे आता कुणाला सांगायचं आणि कशाला? त्या हॉलच्या जागी आता गाड्या ठेवायच्या मजल्यांची इमारत आहे.

तुझे वकील बहिरे आहेत हे बरं आहे. त्यांना आणखी थोडं बहिरं होऊ दे. कोर्टात गेलीस तर सगळं पुन्हा उकरतील. भावोजी कुठे बसले होते, कसे पडले, कुणी उचललं. तुला ते पुन्हा ऐकावं लागेल. मला तर ऐकवणारच नाही.

ताई, तू नोटीस पाठव, नको पाठवू, ते तुझं तू ठरव. मी कधी तुला अडवू शकलो आहे? पण त्या प्रतिज्ञापत्रावर सही करू नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको. एवढी एकच विनंती आहे. शाळेतल्या सिस्टरनी तुला काय काय शिकवलं ते तू मला लहानपणी छडीसकट शिकवलंस, त्यातलं एक आठव: जे स्वतः पाहिलं नाही, त्याखाली सही करायची नाही.

बाकी सगळं ठीक. रात्री झोप येते, सकाळी जाग येते. मधलं काही विचारू नकोस.

मोठेपणाने सांभाळून घेतेस, तसंच घेत राहावंस.

तुझा,
धाकटा


शनिवार, १७ मे

चि. ठकीस,

आत्याचे आशीर्वाद, आणि सोबत एक तक्रार.

तुझ्या सिनेमातले कपडे चांगले होते. पांढरे बूट तेवढे जास्त झाले. गोदीतल्या माणसाचे बूट दुपारपर्यंत पांढरे राहत नाहीत, पण ही चूक तुझी नसणार, वरून हुकूम आला असेल.

माझं काम वेगळं आहे. नोटिशीचा मसुदा वकिलांनी टाइप करून दिला आहे. त्यात मी एक परिच्छेद वाढवते आहे, तो दिव्यांच्या क्रमाचा. रीळ तुटलं की आधी अंधार, मग दिवे. तुमच्या सिनेमात चित्र चालू असतानाच हॉल उजळतो. तुमच्याकडे जुनं प्रोजेक्टर होतं, केबिन हुबेहूब होती, भिंतीवरचं घड्याळसुद्धा तसंच होतं. इतकं सगळं बरोबर जमवून नेमकं हेच कसं चुकलं? दिग्दर्शकाला हे ज्या शहाण्याने शिकवलं त्याचं नाव मला हवं आहे. प्रतिज्ञापत्रात त्याचा उल्लेख तज्ज्ञ म्हणून करायचा की गाढव म्हणून, हे नंतर ठरवीन.

तुझे बाबा सही करू नकोस म्हणतात. त्यांचा स्वभावच तसा, अंगावर पाणी उडालं तर टॉवेलसुद्धा दुसऱ्याला देतील. तू त्यांचं ऐकू नकोस. उभ्याने जेवू नकोस, त्याने पोट बिघडतं आणि संसार तर आधीच नाही तुला.

प्रेम कमी करत नाही, पण उत्तर लपवू नकोस.

तुझी,
आत्या


शनिवार, २४ मे

प्रिय आत्या,

शि. सा. न. लिहिलं की तू म्हणतेस, या पोरीला अक्षरांचा अर्थ तरी कळतो का. म्हणून सरळ लिहिते, तुझ्या पाया पडते.

हे पत्र बसून लिहिते आहे आणि जेवण झालं आहे. बाबा आतल्या खोलीत आहेत. रेडिओ लावलेला नाही. हल्ली लावतच नाहीत.

तू नाव विचारलंस. मी आठवडाभर टाळलं. फोन करावा असंही वाटलं, पण तू फोनवर माणसाच्या आवाजातून सगळं ओढून काढतेस, म्हणून धीर झाला नाही.

तो शहाणा म्हणजे बाबा.

तुला सांगू नको, अशी शपथ घातली होती त्यांनी. झालं असं की सेटवर त्यांच्या काळातलं, त्याच कंपनीचं प्रोजेक्टर आणलं होतं आणि ते कुणालाच चालवता येईना. मी सहज घरी बोलले. बाबा दोन दिवसांनी म्हणाले, मशीनला बघून येतो. मला इतका आनंद झाला. आल्याबरोबर त्यांनी मशीनवरून हात फिरवला, तेल कुठे द्यायचं ते सांगितलं, मुलांना रीळ चढवायला शिकवलं. तीन दिवस येत होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी ते दृश्य होतं. दिग्दर्शकाने तू म्हणतेस तसंच ठरवलं होतं. आधी पडदा काळा, शिट्ट्या, मग दिवे. पोलिसांच्या जुन्या कागदांत तसंच होतं म्हणे. ऑपरेटर मुद्दाम रीळ तोडतो, असं त्यांनी लिहिलं होतं. एकदा चित्रीकरण झालंही. तेव्हा बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठले आणि म्हणाले, असं नव्हतं. रीळ तोडायचं कशाला, चांगली फिल्म कुणी तोडतं का? चित्र चालू होतं. डावा हात मशीनवर ठेवायचा आणि उजव्या हाताने मागचा खटका वर करायचा, मान न वळवता. त्यांनी स्वतः करून दाखवलं. दिग्दर्शकाने विचारलं, तुम्हाला एवढं कसं आठवतं, तर म्हणाले, हाताला आठवतं. गाणंही त्यांनीच सांगितलं. आधी तिथे गाणं नव्हतं, साधा संवाद होता. बाबा म्हणाले, गाणं होतं.

आणखी एक सांगायचं आहे. मी कोपऱ्यातल्या खुर्चीतल्या माणसासाठी तीन निळे शर्ट शिवून घेतले होते, एक कोरा, दोन रक्ताचे. कापड निवडताना आतोबांचा फोटो समोर ठेवला होता. निदान रंग तरी त्यांचा असावा, असं वाटलं. बाबांनी ते शर्ट हँगरला पाहिले आणि दिग्दर्शकाकडे जाऊन सांगितलं की तिथे कुणी नव्हतं. ती खुर्ची रिकामी होती, मी केबिनच्या खिडकीतून बघितलं होतं. गाणं लागलं होतं ना, असं म्हणाले आणि हसले. मला ते हसणं आवडलं नाही. मग खाली जाऊन गाडीत बसून राहिले. शर्ट अजून माझ्या कपाटात आहेत. फेकवत नाहीत.

दिग्दर्शकाने दृश्य बदललं. त्याला वाटलं, म्हातारा ऑपरेटर आहे, जुन्या गोष्टी सांगतो आहे. मी मात्र घरी येताना दोनदा चुकीच्या वळणावर गाडी वळवली.

मी त्यांना काहीच विचारलं नाही, आत्या. मी त्यांची मुलगी आहे, मला विचारता येत नाही. तुला येईल. म्हणून लिहिलं.

माझ्यावर राग धर, पण थोडे दिवसच धर.

तुझी,
ठकी


शुक्रवार, ३० मे

चि. धाकट्यास,

आशीर्वादाची जागा या वेळी रिकामी सोडली आहे. ती भरायची की नाही, हे तुझ्या उत्तरावर आहे.

ठकीला काही बोलू नकोस. तिने काही फोडलेलं नाही. मी तिला गाढवाचं नाव विचारलं आणि तिने खरं उत्तर दिलं. मीच तिला तसं वाढवलं आहे, तू कामाला जायचास तेव्हा.

मी रागावलेली नाही. राग येईल म्हणून चार दिवस वाट पाहिली. भांडी घासली, पडदे धुतले, वकिलांकडे जाऊन मसुदा परत आणला. राग आला नाही. जे आलं त्याला नाव नाही. भूल उतरायच्या आधी पाय आपला वाटत नाही, तसं.

तू एवढी वर्षं गप्प राहिलास आणि कुणीतरी तुझ्यासमोर दिवे चुकीच्या क्रमाने लावले, तेवढं तुला सोसलं नाही. लोक तुला मारेकऱ्यांचा साथीदार दाखवत होते, ते चाललं. चांगली फिल्म तोडणारा ऑपरेटर दाखवला, ते चाललं नाही. मी तुला ओळखते, म्हणून हे मला पटतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर पटणार नाही.

आता मला जे कळलं ते सांगते.

यांना कुणी उचललं, ते डोअरकीपरने मला तेव्हाच सांगितलं होतं. हे खुर्चीत नव्हते. दारापासून दोन पायऱ्या खाली, वाटेत पडले होते. डोकं आत, पाय दाराकडे. सगळे म्हणाले, बाहेर पळत होते. मी म्हटलं, पळणाऱ्या माणसाचं डोकं दाराकडे असतं. कुणीतरी म्हणालं, गोळी लागल्यावर माणूस वळतो. मी ते मान्य केलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. तेव्हा मला गाणं चालू होतं हे ठाऊक नव्हतं. रीळ तुटलं एवढंच ठाऊक होतं.

गाणं लागलं की हे उठायचे. घरात त्यावर किती हसायचो आपण. यांनी शेकडो सिनेमे पाहिले आणि एकही गाणं पाहिलं नाही, असं तूच म्हणायचास. गाणं सुरू झालं की बाहेर जाऊन सिगारेट ओढायची आणि संपलं की आत यायचं. म्हणजे तू खिडकीतून पाहिलंस तेव्हा खुर्ची रिकामी असणारच. हे बाहेर व्हरांड्यात उभे होते. मग दाराच्या फटीतून यांना उजेड दिसला. आत दिवे लागलेत आणि गाणं तर चालूच आहे. म्हणजे मेव्हण्याने केबिनमध्ये मोठा घोटाळा घातला. ती संधी हे सोडणार नव्हते. केबिनकडे बघून शिट्टी मारायला हे आत आले. दिवे लागणं आणि पहिली गोळी यांच्यामध्ये किती वेळ जातो, ते मी सिनेमात पाहिलं आहे. दार ढकलून दोन पायऱ्या उतरण्याइतका.

शिट्टी ऐकू आली का, हे मी तुला विचारणार नाही.

का केलंस, हेही विचारणार नाही. ठकी तेव्हा पाळण्यात होती. त्या लोकांना पाळणे कुठे असतात ते ठाऊक असतं. पास तू आधीच्या आठवड्यात दिला होतास, ते मला आता आठवलं. त्या पासाबद्दल मी वकिलांना ज्या अभिमानाने सांगितलं, त्याची मला लाज वाटत नाही. फक्त तो आता कशाचाच पुरावा राहिला नाही.

एक मात्र सांगून ठेवते. त्या दिवशी दुपारपासून मी एक्स्चेंजच्या बोर्डवर होते. शहरातल्या कुठल्याही फोनवरून तू नंबर मागितला असतास, तर पलीकडे आमच्यातलीच एखादी मुलगी असती आणि माझं नाव घेतलं असतंस तर मी. थिएटरच्या मॅनेजरच्या खोलीत फोन होता. भावोजींना आज पाठवू नको, एवढंच म्हणायचं होतं. कारण मी विचारलं नसतं. विचारलं असतं, पण तू नेहमीसारखं काहीतरी सांगितलं असतंस. थिएटरच्या लाइनचा दिवा माझ्या बोर्डवर लागला तो संध्याकाळी. एका माणसाने हॉस्पिटल मागितलं. मी जोडून दिलं. एकजण अजून श्वास घेतो आहे, असं तो म्हणाला, तेवढं कानावर पडलं आणि मी बाजूला झाले. जोडून दिलं की ऐकायचं नाही, असा नियम होता. पुढचा दिवा लागला, तो घेतला. कुणाच्यातरी मावशीला मुलगा झाल्याचं कळवायचं होतं. मी अभिनंदन केलं.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

आता प्रतिज्ञापत्राचं. वाक्य टाइप झालेलं आहे: माझ्या भावाला त्या हल्ल्याची पूर्वकल्पना नव्हती. खाली माझ्या सहीची जागा. सही करू नकोस, असं तू मला आधीच लिहिलंस. ते वाचताना मला वाटलं, तू माझी दगदग वाचवतो आहेस. तू मला खोट्यापासून वाचवत होतास, हे आता कळतं. ते तू केलंस, हे मी विसरणार नाही. वकिलांना मी सांगितलं आहे की सही करायची की नाही, ते ठरायचं आहे. नोटीस गेली नाही तर सिनेमा आहे तसा राहील, लोक टाळ्या वाजवत राहतील. मला त्याचं आता काही वाटत नाही. पाकीट तेवढं खोटं आहे, असं मी धरून चालते. ते खोटं नसेल तर मला कळवू नकोस.

तुला माहीत होतं, हे मला समजलं आहे. त्याचं उत्तर मला नको. मला एकाच गोष्टीचं उत्तर हवं आहे.

दिवे कधी लावायचे, ते कुणी ठरवलं? त्यांनी तुला गाणं सांगितलं होतं, की खेळात कधीही लाव म्हणून सोडून दिलं होतं आणि गाणं तू निवडलंस?

त्यांनी निवडलं असेल, तर मग काही बोलायला उरत नाही. मी मसुदा फाडेन, तुझ्या डोळ्याची चौकशी ठकीकडे करत जाईन आणि आपण दोघं म्हातारी माणसं आपापल्या घरी राहू.

तू निवडलं असशील, तर गाणं लागलं की तो माणूस बाहेर असतो, हे तुला माहीत होतं म्हणून निवडलंस. खिडकीतून पाहिलंस, खुर्ची रिकामी दिसली, मगच हात मागे नेलास. तसं असेल तर सही मी तेव्हाही करणार नाही, कारण वाक्य तेव्हाही खोटंच असेल. पण मी पहिल्या गाडीने तिकडे येईन. येऊन काय करीन, ते मला माहीत नाही. बहुतेक तुझ्या शेजारी बसेन. समोरच्या बाईंचा मिक्सर आला तर तो उघडू.

फोन करू नकोस. तीस वर्षं मी लोकांचे श्वास ऐकण्याचं काम केलं आहे. तू पहिला शब्द उच्चारायच्या आधी मला कळेल, आणि मला ते असं कळायला नको आहे. ठकीकडून निरोप नको. तुझ्या हाताने लिही, पेन्सिलने नको. कारणं, माफी, मुकादमाच्या विरोधकांचं वर्णन, काही नको. एक शब्द लिहिलास तरी पुरे, ‘मी’ किंवा ‘त्यांनी’. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे हे मला ठाऊक आहे.

वकिलांना मसुद्याचं काय ते शुक्रवार, १३ जूनपर्यंत कळवायचं आहे, त्यानंतर ते महिनाभर बाहेरगावी जातात. मी त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत घरीच असेन, दाराची कडी काढून. तुझं लेखी उत्तर त्याआधी माझ्या हातात पडलं पाहिजे.

ताई